मुठीचा डबा

आई, तुझ्यावर माझा संशय आहे. आजकालचा नाही, मी दहा वर्षांची होते तेव्हापासूनचा. तू होतीस तोवर विचारायची हिंमत झाली नाही, आणि गेल्यावर तर तुझी सोयच झाली. गेलेल्या माणसाबद्दल चर्चच्या मंडळीत सगळे चांगलंच बोलतात, तुझ्याबद्दल तर त्यांना वेगळे कष्टही घ्यावे लागले नाहीत. काय बाई होती, कधी कुरकुर नाही, तोंडात सदा देवाचे आभार. तुझ्या मातीच्या दिवशी हे मी इतक्या जणींकडून ऐकलं की कुणीतरी छापून वाटलंय की काय असं वाटलं. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, तुम्हाला काय माहीत, मी या बाईबरोबर एका खोलीत वाढले आहे. जो माणूस सदा आभार मानतो तो एकतर काहीतरी मागणार असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. मागणं तुझ्या स्वभावात नव्हतं. म्हणजे राहिलं एकच.

पुरावे माझ्याकडे पुष्कळ आहेत. पहिला मिशनच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातला. तू तिथे साठ मुलींच्या भाकऱ्या करायचीस, आणि बाबा गेल्यापासून मी तुझ्या पायाशी लाकडाच्या ढलप्यांवर बसून तिथेच जेवायची. जेवणाआधी मुली हात जोडून आभाराचं गीत म्हणायच्या. आमटी अशी की तिच्यात वरचं कौल दिसावं, पण गीत तीन कडव्यांचं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे, कारण मला तेव्हापासूनच बघायची खोड. आणि मी पाहिलं की तूही एक डोळा किलकिला करून तव्यावरच्या भाकरीकडे बघते आहेस, आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्ये, ओठ हलते ठेवून, ती उलटते आहेस. त्या दिवशी मला पक्कं कळलं की आभार मानणारी आई आणि भाकरी सांभाळणारी आई या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यातली खरी कोणती हे शोधायचं काम मी अंगावर घेतलं. पुढे त्याच्यावरच पोट भरलं म्हण ना. आता नगरमधल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला मी लोकांचा दुसरा डोळा कुठे उघडा आहे ते लिहिते. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. तूही नगरच म्हणाली असतीस, आणि पाटी रंगवणाऱ्याला काम मिळालं म्हणून आभार मानले असतेस.

दुसरा पुरावा तुझ्या शेवटच्या दुखण्यातला. पोटात कळ येऊन तू खाटेची कड धरलेली मी दारातून पाहिली होती. डॉक्टर आत आले, काय होतंय विचारलं, आणि तू म्हणालीस, “बरी हाय, साहेब. देवाची कृपा.” बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, तुमच्या आईला काय होतंय ते तिच्याशिवाय सगळे सांगतात. तू आणखी दोन महिने आधी खरं बोलली असतीस तर काय झालं असतं हे मी अजून स्वतःला विचारते. उत्तर मिळत नाही, म्हणून राग येतो, आणि राग येतो म्हणून तुझ्या त्या ‘कृपे’वरचा माझा विश्वास आणखी उडतो. एकूण माझी बाजू भक्कम होती. गेल्या महिन्यापर्यंत तरी होती.

तुझ्या जावयाची उजवी बाजू गेली आहे. पावसाळा सरता सरता, सकाळी दाढी करताना. सत्तावीस वर्षं एमआयडीसीत लेथवर उभा राहिलेला माणूस न्हाणीघराच्या दारात बसला तो बसलाच. आता उजवा हात मांडीवर ठेवावा लागतो तसा राहतो, आणि जिभेतून एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागतो. तू त्याला चारच वर्षं पाहिलंस, पण तुमचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. त्याचंही सगळं तुझ्यासारखंच, तोंडात सदा आभार. मी म्हणायची, हा देवळाली प्रवऱ्याकडचा, पाटपाण्याच्या उसात वाढलेला, याला आभार मानायला काय जातं, आमच्या पाथर्डीकडच्या कोरड्यात येऊन मानून दाखव म्हणावं. आता त्याचंही पाणी तुटलं, आणि तरी आभार चालूच आहेत. दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी उंबऱ्यात चाकांची खुर्ची अडकली, दोन शेजाऱ्यांनी उचलली, आणि हा अर्ध्या तोंडाने म्हणतो, देवाची कृपा. मी जागच्या जागी थांबले. मला खाटेची कड दिसली. हाही लपवतोय, मी मनात म्हटलं. यालाही आतून काहीतरी खातंय आणि मला शेवटी कळणार. आई, मला पुन्हा दारात उभं राहून बघायचं नाहीये. एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

त्यात भर म्हणजे महिला मंडळाचा निरोप आला, शुक्रवारी तुमच्याकडे येतो. निरोप कशाचा ते तुला सांगायला नको. ती मुठीची पद्धत इथे शहरातही आहे. ज्वारीऐवजी तांदूळ आणि पत्र्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकची बरणी, एवढाच फरक. घरोघरी बायका रोज एक मूठ बाजूला टाकतात, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्या बरण्या एका पोत्यात ओततात, आणि मंडळीतल्या ज्या घराला गरज आहे त्याच्या दारात गीत म्हणत जाऊन पोतं ठेवतात. आणि ज्याच्या दारात पोतं आलं त्याने येत्या रविवारी भक्तीत उभं राहून साक्ष द्यायची, देवाचे आभार मानायचे, हाही नियम तोच. आता गंमत बघ. या साक्षींवर मी वर्षापूर्वी एक झणझणीत लेख लिहिला होता. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून आभार, सुनेचं गॅस कनेक्शन आलं म्हणून आभार, देवाला दुसरा धंदा नाही असं वाटावं इतके आभार. लोक खूप हसले. आता त्याच बायका माझ्या दारात येणार होत्या आणि रविवारी मी उभी राहणार होते, कारण ज्याला मनापासून उभं राहायचं होतं त्याला उभं राहता येत नव्हतं.

मग मला आपल्या दारातलं ते पोतं आठवायचं नव्हतं तरी आठवलं. दुष्काळाचं वर्ष आहे. बोर्डिंग बंद पडलंय, मुली आपापल्या घरी गेल्यात, तुझं काम गेलंय. तिसगावच्या बाजारात तू शेवटचं पितळी पातेलं देऊन ज्वारी आणली आहेस आणि ती मडक्यात आहे. चुलीशेजारी डालड्याचा तो डबा, झाकणावर खिळ्याने ओढलेला क्रूस. रोज संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी तू मडक्यात हात घालतेस आणि पहिली मूठ डब्यात टाकतेस. मी मडक्यात वाकून बघते. ज्वारी दर दिवसाला खाली जाते आहे. डबा मात्र वर येतो आहे. ज्वारी संपली तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी हे थांबेल. तर तू फळीवरचं गाठोडं सोडलंस, त्यात हुलगे होते, आणि तू हुलग्यांची मूठ टाकलीस. मी म्हटलं, आपल्याला एवढंच उरलंय. तू म्हणालीस, व्हय, म्हनून तर लहान मूठ घेतली.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी गीत आपल्याच दारात आलं. तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. तू गीताचा आवाज ऐकून पदर सावरून बाहेर निघाली होतीस, त्यांच्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जायला, आणि त्या बायका दारातच थांबल्या. तुझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. तो तू परत आत घेतलास. बायका पोतं ठेवून, प्रार्थना करून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुपात ते धान्य निवडायला बसले. ज्वारी, थोडी बाजरी, आणि मधेमधे हुलगे. गावात त्या महिन्यात हुलगे टाकण्याइतकं गरीब दुसरं कुणी नव्हतं. मी एकेक वेचून बाजूला ढीग केला आणि तुला दाखवला. आई, हे आपलेच आहेत. मला वाटलं तू रडशील. निदान लाजशील. तू ढिगाकडे बघितलंस आणि म्हणालीस, “मग वळखीचे हायत. लवकर शिजतील.”

रविवारी तू उभी राहिलीस. पाळकसाहेबांनी नाव घ्यायच्या आधीच. सरळ सांगितलंस की घरात दाणा नव्हता, आता आहे, देवाचे आणि बहिणींचे उपकार. दोन वाक्यं, आणि खाली बसलीस. मी शेजारी बसून तुझ्या आवाजात तडा शोधत होते. सापडला नाही. आणि त्या संध्याकाळी, दुसऱ्यांनी दिलेल्या त्या पोत्यात हात घालून, तू पहिली मूठ पुन्हा डब्यात टाकलीस. मला इतका संताप आला की मी डबा पायाने ढकलला. तू उठून माझ्या पाठीत एक धपाटा घातलास, तुझ्याकडून मला मिळालेला बहुधा एकमेव, आणि म्हणालीस, “आज घेतलं म्हनून काय आता नुसतं घेतच बसायचं व्हय गं?” मी मनात नोंद केली की ही बाई मंडळीत मान राहावा म्हणून पोरीच्या तोंडचं काढते. तिसरा पुरावा. पुढे तुझ्या मातीच्या दिवशी त्या वेळच्या मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्ष माझा हात धरून म्हणाल्या, तुझ्या आईचा डबा त्या दुष्काळातसुद्धा काठोकाठ असायचा, कुठून भरायची कुणास ठाऊक. मी तिथेही मान हलवली. त्याबद्दल शेवटी सांगते.

तर बायका यायच्या आदल्या दिवशीचा गुरुवार. दुपारची वेळ, मी ओट्यावर भांडी लावत होते, आणि आतून हाक आली की वही घेऊन ये. मला वाटलं औषधांची यादी. तर म्हणे लिही, रविवारी वाचायचंय. मी म्हटलं, कशाकशाचे आभार मानायचे ते तरी कळू दे, मला इथून काही दिसत नाहीये. तो म्हणाला, सांगतो की, घाई हाय का तुला. मग एकेक शब्द जुळवत सांगायला लागला. डावा हात चालतो. शेजारचे दोघं खुर्ची उचलायला येतात आणि चहासुद्धा घेत नाहीत. इथवर मी निमूट लिहिलं. तिसरं सांगायला त्याने बराच वेळ घेतला. “बायको आता माझं वाक्य पुरं होईस्तोवर थांबती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.” मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे आभार आहेत की टोमणा. तो म्हणाला, “तू लिही. देव वळखंल.”

मी हसले, आणि हसता हसता मला तो राग आला. मी त्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, हे बघ, माझ्या आईने डॉक्टरसमोर हेच केलं. मला साक्ष नको, मला खरं सांग. तुला हे आतून वाटतं का? मला वाटलं आता खाटेची कड धरणार. पण तो शब्द शोधत होता. “सकाळी न्हाई वाटत,” तो म्हणाला. “सकाळी लई वंगाळ वाटतं. हात हलवून बघतो, हलत न्हाई. मग देवाला शिव्या देतो थोड्या.” थांबला. मी थांबले, त्याच्या यादीतल्या तिसऱ्या कलमाप्रमाणे. “म्हनून तर म्हनायचं. म्हनत ऱ्हायलं की दुपारपत्तूर जरा वाटाया लागतं.”

आई, माझ्याकडे एक पुरावा होता जो मी इतकी वर्षं दाबून ठेवला होता. पोलीस ठेवतात तसा, आपल्या बाजूचा नाही म्हणून. त्याच दुष्काळातली एक पहाट. मी गोधडीत जागी आहे, तू चुलीपुढे पाठमोरी बसली आहेस, चूल पेटलेली नाही, आणि तू बोलते आहेस. मला वाटलं प्रार्थना. प्रार्थनाच होती, पण शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. “बंदच करायचं हुतं तर आधी सांगायचं हुतंस. मानूस तिकडं काम तरी शोधतं. आता पोरीला काय घालू, तुझं डोस्कं?” असंच बराच वेळ. गल्लीत भांडताना बायका करतात तसे हातवारेसुद्धा. मग हात मांडीवर ठेवलेस. मी वाट बघत होते की आता रडशील. तू नाक पुसलंस, काटक्या पुढे ओढल्यास आणि म्हणालीस, “बरं. आभार तुझे. पोर अंगानं बरी हाय.” आणि काडी ओढलीस. मी डोळे मिटून घेतले. हे कुणाला सांगितलं नाही, कारण हे सांगितलं असतं तर तू ढोंगी ठरत नव्हतीस, आणि तू ढोंगी ठरणं मला सोयीचं होतं. ते का, ते येतंच आहे आता.

शुक्रवारी बायका आल्या. आठ जणी, गीत म्हणत, तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत, त्यामुळे गीताचं शेवटचं कडवं जिन्यातच गेलं. मी दार उघडून उभी. बाहेर पाय टाकायचा प्रश्न नव्हता, पण तुझा तो उंबऱ्याबाहेरचा पाय मला माझ्या पायात जाणवला. हल्लीच्या अध्यक्ष दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत, सुनेच्या गॅसवाल्या त्याच. पोतं आत ठेवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, डोळे उघडल्याबरोबर रक्तदाब किती असतो विचारलं, आणि जाताना दारात मला म्हणाल्या, “लेख वाचला होता हो तुमचा. माझी गॅसची साक्ष जरा लांबवून लिहिलीत. मी दोनच मिनिटं बोलले होते.” मी म्हटलं, चुकलंच. त्या म्हणाल्या, चालायचंच, रविवारी तुमची किती मिनिटं होते बघू. त्या खाली उतरल्यावर मी पोत्याचं तोंड उघडलं. खरं सांगते, मी हुलगे शोधत होते. नुसता तांदूळ होता, पाच-सहा प्रकारचा, जाड, बारीक, तुकडा, सगळा एकात एक मिसळलेला. तो कसा शिजवायचा हे तुला विचारायला हवं होतं. बारीक गळून जातो तोवर जाड टणकच राहतो.

रविवारी मी उभी राहिले. त्याची खुर्ची मधल्या वाटेत, मी शेजारी, हातात वही. माझा आवाज लोकांना लेखांमुळे ठाऊक, म्हणून सगळे सावध बसलेले, आता ही काय टाकते म्हणून. मी वाचलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्याला पुरुषांच्या बाकांवर आधी हसू फुटलं आणि मग सगळीकडे, आणि तो खुर्चीत अर्ध्या तोंडाने असा खूश, जसा काही त्यानेच उभं राहून सांगितलंय. मी बसायला लागले तर पाळकसाहेब म्हणाले, आणि ताई, तुमचं? हे वहीत नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं, शब्दांचा तर माझा धंदाच आहे. पण मला तू दिसत होतीस, विझलेल्या चुलीपुढे हातवारे करणारी, आणि मी म्हणाले, “माझं अजून ठरत नाहीये.” मग मागून सिस्टरांचा खणखणीत आवाज आला, “आमेन.” आणि त्यामागून सगळ्यांचाच. त्या आमेनचा मला अजून संशय आहे. पण घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि हा रिक्षात डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून बसला होता. मी काही बोलेन म्हणून वाट बघत. आता तोही थांबतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये हे मला ठाऊक आहे, म्हणूनच आता ते लिहिते. त्या दुष्काळात तू पाण्याला गेलीस की मी डबा उघडायची आणि तू टाकलेली अर्धी मूठ परत मडक्यात टाकायची. रोज. देवाला ज्वारी लागत नाही, आपल्याला लागते, असा माझा हिशेब होता. डबा भरणं शक्यच नव्हतं. आणि तरी त्या अध्यक्षांना तो महिन्याच्या शेवटी काठोकाठ मिळायचा. म्हणजे तुला कळलं होतं. म्हणजे मी परत ठेवलेलं तू पुन्हा काढत होतीस, आणि माझी भाकरी मात्र लहान झाली नाही. तुझी काय झाली ते मी बघितलं नाही. तू मी मागनं खाते म्हणायचीस, आणि मी, जिला सगळ्यांचा दुसरा डोळा दिसतो, मी झोपायला जायची.

सिस्टर जाताना एक रिकामी बरणी ठेवून गेल्या आहेत. ती ओट्यावर आहे. तीन आठवडे मी रोज मूठ टाकते आहे, मनात काही वाटो न वाटो. फक्त गेल्या मंगळवारी अर्धी परत काढली. तांदूळ कमी होते म्हणून नाही. कुणी भरून ठेवतं का, ते बघायला.